राळ, चंद्रस आणि घरातले कपाट

एखाद्यावर टीकेची राळ उडवली, असे आपण सहज लिहून जातो. पण प्रत्यक्ष राळ पाहिलेले किती जण आता घरात निघतील? दशावतारात राक्षस रंगमंचावर येताना मशालीवर पूड फेकत आणि भपकन जाळ उठे, ती राळ. व्हायोलिनच्या गजाला घासतात तीही राळच. झाडाच्या जखमेतून पाझरलेला आणि वाळलेला हा रस. लाडवातला डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. म्हणून तर ती तेलात उकळून, कापसाबरोबर गलबतांच्या फळ्यांच्या सांध्यांत भरत.

तिचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणजे चंद्रस. पूर्व आफ्रिकेत झांजिबारसमोरच्या किनाऱ्यावर जुन्या झाडांचा रस जमिनीत गाडला जाऊन दगडासारखा कठीण होई. लोक तो खणून काढीत. एकोणिसाव्या शतकात यातला पुष्कळ माल आधी मुंबई बंदरात उतरे आणि मग विलायतेला जाई. तिकडच्या बाजारात त्याला ‘बॉम्बे कोपल’च म्हणत. झाड आफ्रिकेचे, नाव मुंबईचे आणि चकाकी साहेबाच्या घोडागाडीला! तीनशे अंशांवर तो वितळवायचा, त्यात तापलेले जवसाचे तेल ओतायचे आणि टर्पेंटाइनने पातळ करायचा. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन आळते आणि चंद्रसासह लाकडावर कडक कातडी धरते.

आपल्या घरांत मात्र राज्य होते चपड्याचे. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. शास्त्राने पाहिले तर ही झाडाची राळ नव्हे. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवरच्या किड्याची करणी. बँकेतल्या नोकरीत लाखेच्या मोहरांचा वास माझ्या नाकात कायमचा बसला. टेबलालाही तीच लाख आहे, हे ध्यानात यायला निवृत्ती उजाडली. चपडा स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिशवाला कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने हात फिरवत राही. स्पिरिट उडून जाई, चपडा राही. यातली खरी गंमत दुरुस्तीत आहे. जुना थर नव्या स्पिरिटने मऊ होतो आणि नवा हात त्यात मिसळून जातो. मेलामाइन किंवा पीयूचा थर एकदा आळला की विरघळत नाही. डाग पडला तर काचपेपर घेऊन खरवडत बसा.

म्हणून जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. चपड्यावर गरम कप ठेवला की पांढरे कडे उमटते. जेवणाच्या टेबलाला पीयू खुशाल लावा. शिवाय नुसत्या पॉलिशने वाळवी थांबत नाही. सागाला वाळवी सहसा लागत नाही ती त्याच्या गाभ्यातल्या द्रव्यांमुळे, वरच्या चकाकीमुळे नव्हे.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निष्पाप, हेही खरे नाही. आज बाजारातली बरीचशी राळ चिडीच्या झाडांची. उत्तराखंडात तिच्या रसाला लीसा म्हणतात. तो उकळून टर्पेंटाइन वेगळे काढले की खाली राळ राहते. खोडाला घाव घालून, खाली भांडे टांगून हा रस गोळा होतो. घाव खोल गेले की वादळात झाड तिथेच मोडते. १९२१ साली कुमाऊंत सरकारी वनधोरणावरच्या संतापात चिडीची जंगले पेटली, आणि १९७७ साली चिपकोच्या दिवसांत हेंवल खोऱ्यातल्या बायकांनी खोडांत ठोकलेले लोखंडी पत्रे उपटून जखमांवर माती लिंपली.

तेव्हा आजोबांचे कपाट भंगारात देण्याआधी किंवा त्यावर सरसकट मेलामाइन फवारण्याआधी बोळ्याचे काम जाणणारा कारागीर शोधावा, असे माझे मत आहे. तो दोन-चार दिवस जास्त घेईल, मजुरीही अधिक सांगेल. ती घासाघीस न करता द्यावी. आणि कपाटाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या फळीवर, एखादा हात मारून घ्यायला विसरू नये. ओल तिथूनच शिरते.