मीटरला सहेरीची वेळ कळते

रमजानमध्ये केंदूरला आमच्या घरात पहाटे चारला दिवा लागतो. जुन्या मीटरला त्याचे काही नाही. महिन्याकाठी माणूस येतो, फोटो काढतो, आकडा घेऊन जातो. स्मार्ट मीटर मात्र कोणत्या वेळी किती वीज लागली तेही नोंदवतो, आणि केंद्राच्या नियमांनुसार तो रोज किमान एकदा दुरून वाचायचा आहे. घर कधी जागे होते, कधी बंद असते, रोजे कोण धरते, हे त्यावरून ताडता येते.

मीटर नाकारा, असे मी म्हणत नाही. अमेरिकेत नेपरव्हिलच्या खटल्यात २०१८ साली न्यायालयाने दर १५ मिनिटांची अशी नोंद ही झडतीच मानली. पण हेतू गुन्हेतपासाचा नाही म्हणून ती वाजवी ठरवली. म्हणजे सगळे हेतूवर अवलंबून आहे.

आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. २०२३ चा केंद्राचा डेटा संरक्षण कायदा महावितरणसारख्या सरकारी कंपनीलाही धरतो. मात्र कलम १७ नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकारी यंत्रणांना सूट देऊ शकते. पळवाट तिथेच आहे.

म्हणून वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत लेखी विचारा: नोंद किती दिवस ठेवणार? कोणाला देणार? पोलिसांना कोणाच्या आदेशाने? हा प्रश्न एकट्या आपला नाही. कान्हुराज पाठकांच्या या गावात काकड्याला उठणाऱ्या शेजाऱ्याचाही दिवा पहाटेच लागतो.