हळदीच्या काट्याला शिक्का. रक्ताच्या तपासणीला काय?

जयंतीच्या रक्तदान शिबिरात डोंगरकड्याच्या एका शेतमजूर तरुणाने रक्त दिले. काही दिवसांनी रक्तपेढीने त्याला बोलावून हिपॅटायटिस-बी असल्याचे सांगितले. तो कागद घेऊन आमच्याकडे आला. वर्षभरापूर्वी एका खाजगी लॅबने हीच तपासणी करून अहवालावर एकच शब्द लिहिला होता : 'निगेटिव्ह'. त्या शब्दाच्या भरवशावर घरात कुणी लसही घेतली नाही.

लागण मधल्या वर्षात झाली, की पहिल्या तपासणीला ती दिसलीच नाही? हे आज कुणीच सिद्ध करू शकत नाही. अहवालावर ना पद्धत, ना किटचे नाव, ना बॅच नंबर. अशा कागदावर आम्ही कोर्टात काय युक्तिवाद करायचा?

ज्याला आपल्याकडे 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात, तो या विषाणूच्या आवरणाचा अंश. तो रक्तात फिरतो आणि किटमधली प्रतिपिंडे त्याला पकडतात. पण प्रत्येक कंपनीची प्रतिपिंडे वेगळी, पकड वेगळी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण नमुना ठरवला; त्यावरून अँटिजेन आंतरराष्ट्रीय एककात मोजतात. तिच्या निकषाप्रमाणे एलायझा तपासणीने एका मिलिलिटरमधले ०.१३ एकक ओळखले पाहिजे; झटपट कार्डाला ४ एककांपर्यंत सूट आहे. फरक तीसपटीचा! म्हणजे कार्डावरचे 'निगेटिव्ह' आणि एलायझाचे 'निगेटिव्ह' हा एकच निकाल नव्हे. गरिबाच्या वाट्याला मात्र स्वस्तातले कार्डच येते.

रक्तपेढ्यांची बेबंदशाही सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ च्या 'कॉमन कॉज' निकालाने मोडून काढली. आज दान झालेल्या प्रत्येक पिशवीची ही तपासणी सक्तीची आहे. गल्लीतल्या लॅबचे काय? राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता ऐच्छिक आहे. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापना कायदा केला, त्यात लॅबही येतात. पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आरोग्य हा राज्याचा विषय म्हणून हात झटकणाऱ्यांना कलम २१ मधला जगण्याचा हक्क आठवत नाही काय?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद विकायला नेली, तर काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे का, हे शेतकरी विचारू शकतो. हळदीच्या किलोला कायद्याचे माप आहे. मजुराच्या रक्ताला का नसावे?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक अहवालावर पद्धत, किटचे नाव, बॅच नंबर आणि ओळखण्याची मर्यादा छापणे शासनाने सक्तीचे करावे. प्रत्येक लॅबला वर्षातून ठराविक वेळा अनोळखी नमुने पाठवून तिची परीक्षा घ्यावी.

तोवर आपणही गप्प बसू नये. जयंती मंडळांनी शिबिरानंतर दात्याला निकाल कळला का, याचा पाठपुरावा करावा. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. त्या तरुणाला आम्ही तिकडेच पाठवले, घरच्यांना लसीसाठी. लॅबमध्ये पैसे मोजताना एवढे तरी विचारा : कोणत्या मापाने मोजले?