उडी कीं शिंतोडे?

शब्दाच्या अर्थाचा निवाडा घाईनें देऊं नये, हें मीं जन्मभर वर्गांत सांगितलें. परंतु गेल्या महिन्यांत तें मला माझ्या नातीनें शिकविलें.

ती 'पोकेमॉन' खेळत होती. १९९६ सालीं जपानांत निघालेल्या या खेळांत चित्रविचित्र प्राण्यांची झुंज लावावयाची असते. त्यांत मॅजिकार्प नांवाचा एक दुबळा मासा आहे. त्याच्या एका डावाचें इंग्रजी नांव 'स्प्लॅश', म्हणजे पाणी उडविणें. या डावानें शत्रूला कांहींच इजा होत नाहीं.

"आजोबा, हा डाव पाण्याचा, मग तो जलवर्गांत न घालतां साधारण वर्गांत कां घातला?" तिनें विचारलें.

"खेळ रचणाऱ्यांची चूक," मीं सांगून टाकलें.

दुसऱ्या दिवशीं ती आणखी दोन शंका घेऊन आली. वाऱ्यावर तरंगणारा हॉपिप हा वनस्पतिवर्गांतला. त्याचा पाण्याशीं संबंध नाहीं, तरी त्यालाहि हाच डाव येतो. शिवाय २००६ सालच्या आवृत्तीपासून कोणीं 'ग्रॅव्हिटी' हा गुरुत्वाकर्षणाचा डाव टाकला, तर उड्डाणाच्या डावांबरोबर यालाहि बंदी होते. तीन ठिकाणीं एकच चूक कशी होईल?

तेव्हां मूळ जपानी नांव शोधिलें. तें आहे 'हनेरु'. या क्रियापदाचा अर्थ उसळणें, उडी मारणें. आणि चिखलपाणी उडणें असाहि होतो. आपला 'उडणें' हा धातु असाच आहे: बेडूक उडतो, शिंतोडेहि उडतात. अर्थ कोणता, तें कर्ता ठरवितो. येथें कर्ता मासा आहे, पाणी नव्हे. इंग्रजी नांवांत पाणी आलें आणि उडी गेली. उडी म्हटली कीं तिन्ही शंका आपोआप फिटतात.

आणखीहि एक गोष्ट हातची गेली. हाच मासा २० व्या पायरीवर ग्यारॅडोस नांवाचा प्रचंड सर्पाकार प्राणी होतो. पीत नदीवरील 'नागद्वार' उडी मारून ओलांडणारा मासा ड्रॅगन होतो, अशी चिनी लोककथा आहे. 'उडी' या नांवानें ती सहज आठवते. शिंतोड्यांनीं आठवत नाहीं.

रात्रीं पंगतीला सर्वांदेखत मीं माझा निवाडा मागें घेतला. वाचकहो, मुलांची शंका 'चूक' म्हणून मोडूं नये. कोश घेऊन त्यांच्याजवळ बसावें.