वहीवरचे वीस गुण

परीक्षेतील प्रामाणिकपणाविषयी विद्यार्थ्यांस उपदेश करणे सोपे असते. परंतु गुण देताना आम्ही शिक्षक कितपत प्रामाणिक असतो, हा प्रश्न आम्ही स्वतःस क्वचितच विचारतो.

गेल्या वर्षी प्रकल्पवह्या तपासताना दोन वह्या आमच्या हाती आल्या. मजकूर एकच, एका शब्दाची चूकदेखील दोहोंत त्याच ओळीत. तरी अक्षर सुबक पाहून आम्ही दोघांनाही वीसपैकी अठरा गुण दिले. तिसऱ्या वहीत एका मुलीने, बमरोलीत मागावर काम करणाऱ्या आपल्या वडिलांना विचारून, कापडाविषयी चार पाने लिहिली होती. शुद्धलेखन कच्चे, अक्षर वेडेवाकडे. तिला आम्ही चौदा दिले. ती काही बोलली नाही. पुढचा प्रकल्प मात्र तिने मैत्रिणीच्या वहीतून जसाच्या तसा उतरवून आणला. ती वाट तिला आमच्याच लाल शाईने दाखविली होती.

ही गोष्ट एका वर्गापुरती नाही. महाराष्ट्रात २०१९ च्या दहावीच्या परीक्षेसाठी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळांनी द्यावयाचे वीस गुण बंद करण्यात आले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढे ते गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० साली भूगोलाची परीक्षा रद्द झाली होती. तेव्हा सारा फरक त्या वीस गुणांचाच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि शाळांचे हात थोडे सैल असतात, ही शंका त्यातून खचित उद्भवते.

मग हे गुण कायमचे बंद करावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. कोणी स्वतः विचारले, पाहिले, मोजले, हे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत दिसत नाही. हार्टशोर्न व मे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९२८ साली शाळकरी मुलांच्या लबाडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगी तसेच वागेल असे नाही, असे त्यांस आढळले. म्हणजे प्रसंगाला महत्त्व आहे. आणि वर्गातील प्रसंग तर आम्हीच घडवितो.

आमची मातृभाषा कोंकणी. शाळेत आमच्या मराठीला मुले हसत. पण त्या चुका आमच्या होत्या, म्हणून गुरुजींना त्या सुधारता आल्या. उतरविलेल्या वहीत सुधारण्याजोगे आपले असे काहीच नसते.

यंदापासून वही पाहिल्यावर आम्ही प्रत्येकास समोर बसवून पाच मिनिटे प्रश्न विचारतो आणि मगच गुण लिहितो. वेळ फार जातो, गुणही कमी पडतात. पालकांस आमची विनंती आहे की, कमी गुणांसाठी मुलांवर रागावू नये आणि दुकानातील तयार प्रकल्प आणून देऊ नयेत. आपल्यापैकी पुष्कळांस विणलेल्या कापडाच्या मोजावर मजुरी मिळते. न विणलेल्या कापडाची मजुरी आपण कधी मागितली नाही.

त्या मुलीचे चौदा गुण आता बदलता येत नाहीत. परंतु तिची ती पहिली वही आम्ही मागून घेतली आहे. नव्या वर्गास प्रकल्प कसा लिहावा हे सांगताना आम्ही तीच उघडून दाखवितो.