पन्नास मिनिटांचा न्याय

स्पर्धेत कोण जिंकले हे सर्वांना ठाऊक असते. पण स्पर्धेची आखणी कशी झाली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः निम्मा न्याय खेळ सुरू होण्यापूर्वीच वेळापत्रकाच्या कागदावर होऊन गेलेला असतो. माझे हे मत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळामुळे बनले. पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांना रमी आणि तीन पत्ती आठवते, म्हणून आधीच सांगतो की हा तो प्रकार नव्हे. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. हजारो निरनिराळ्या पत्त्यांतून निवड करून प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः बांधून आणतो. आमच्या वसतिगृहात दोघा-तिघांकडे असे कॅट आहेत.

या खेळाच्या मोठ्या स्पर्धा ‘स्विस’ पद्धतीने होतात. ही पद्धत मूळची बुद्धिबळातली. १८९५ साली झुरिच येथे ती प्रथम वापरली गेली. हिच्यात हरलेला घरी जात नाही. प्रत्येक फेरीनंतर सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात. ६४ खेळाडू असतील तर सहा फेऱ्यांत (बरोबरी न झाल्यास) एकच अपराजित उरतो. बाद पद्धतीनेही सहाच फेऱ्या लागतात. पण तिच्यात एकूण सामने होतात ६३, तर स्विसमध्ये १९२. बाद पद्धतीत ३२ जणांची स्पर्धा पहिल्याच सामन्याला संपते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने याचा हिशेब न मांडला तरच नवल! प्रवेश फी ५० रुपये धरली, तर त्या ३२ जणांना एक सामना ५० रुपयांना पडला; स्विसमध्ये तोच सव्वाआठ रुपयांच्या आसपास पडतो.

आता वेळेचा प्रश्न. ‘मॅजिक’मध्ये तीनपैकी दोन डाव जिंकणारा सामना जिंकतो, आणि फेरीची नेहमीची मुदत ५० मिनिटे असते. घंटा झाल्यावर दोघांत मिळून आणखी पाच पाळ्या मिळतात. तेवढ्यात निकाल न लागला, तर चालू डाव बरोबरीत धरतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला प्रत्येकी एक, पराभवाला शून्य. म्हणजे निकाल लागलेल्या सामन्यातून तीन गुण वाटले जातात आणि बरोबरीतून दोनच. एक गुण हवेत विरतो!

काहीजण म्हणतात, बुद्धीच्या खेळात घड्याळ कशाला? विचार करणाऱ्यास विचार करू द्यावा. हे म्हणणे ऐकायला उदार वाटते. पण पुढची फेरी शेवटचे टेबल उठल्याशिवाय लागत नाही. ६४ जणांच्या स्पर्धेत एका टेबलाने दहा मिनिटे जास्त घेतली, तर उरलेल्या ६२ जणांची मिळून ६२० मिनिटे, म्हणजे दहा तासांहून अधिक वेळ फुकट जातो. दोघांची चैन आणि बासष्टांचा भुर्दंड! या खेळाच्या चालकांनी हे ओळखले आहे. २०१३ साली ‘सेकंड सनराइज’ नावाच्या पत्त्यावर ‘मॉडर्न’ या प्रकारात बंदी आली. त्या पत्त्यावर उभारलेल्या कॅटमध्ये एकाचीच पाळी इतकी लांबत असे, की साऱ्या स्पर्धेचा खोळंबा होई. तेव्हा मुदत हवीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि मुदत आली की तिचा गैरफायदाही आला. पहिला डाव जिंकलेल्याने दुसरा रेंगाळत नेला आणि तो अपुरा राहिला, तर सामना त्याच्याच पदरात पडतो. नियमाप्रमाणे संथ खेळणाऱ्यास पंच ताकीद देतो आणि मुद्दाम वेळ काढणाऱ्यास बाद करतो. पण समोरचा विचार करतो आहे की वेळ काढतो आहे, हे पंचाने ओळखावे कसे? संगणकावर प्रत्येकाला स्वतंत्र घड्याळ देता येते. टेबलावर ते जमत नाही, कारण एकाच पाळीत प्रत्युत्तराचा हक्क दोघांमध्ये सारखा इकडून तिकडे जात असतो. म्हणून दक्ष पंच हाच खरा उपाय; केवळ घंटा वाजवून भागत नाही.

दुसरा दोष मला अधिक खुपतो. शेवटच्या फेरीत आघाडीचे दोघे आपसांत ठरवून बरोबरी करतात आणि एकेका गुणाने दोघेही पहिल्या आठांत जातात. त्यासाठी पैसे देणे निषिद्ध आहे, पण नुसती संमती नियमात बसते. मला हे दोन व्यापाऱ्यांनी भाव ठरवून घेण्यासारखे वाटते. त्यांचे नुकसान होत नाही, भरपाई नववा करतो. आणि तो बिचारा शेजारच्या टेबलावर प्रामाणिकपणे खेळत असतो.

हा सारा खटाटोप आपल्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या जिमखान्याचे कॅरमचे सामने आठवा. सोडत निघते, पहिल्याच दिवशी निम्मे विद्यार्थी बाद होतात, आणि पुढे अंतिम सामना पाहायलाही कोणी थांबत नाही. बाहेरगावाहून एस.टी.ने येणाऱ्या मुलाने एका सामन्यासाठी का नाव द्यावे? माझी सूचना साधी आहे. सोळा खेळाडू असतील तर स्विसच्या चार फेऱ्या पुरतात. बोर्ड चारच असले आणि सामन्याला अर्धा तास दिला, तरी एक फेरी तासाभरात होते, म्हणजे स्पर्धा चार तासांत आटोपते. मुदत संपताच चालू बोर्ड पुरा करावा व अधिक गुण असणाऱ्यास विजयी ठरवावे. ठरवून केलेली बरोबरी मात्र मान्य करू नये. सामने वाढतील, पंचांचे श्रमही वाढतील, हे खरे. पण प्रत्येकाला चार वेळा खेळायला मिळेल.

मराठीत ‘वेळ’, कन्नडात ‘वेळे’. शब्दाचे घराणे एकच. ती सर्वांना सारखी वाटून द्यावी, एवढीच जिमखान्याच्या चालकांना विनंती.