ग्रिल कुणी जोडायचं?

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या दारात नव्याकोऱ्या ग्रिलांची रांग लागते. (सांगलीच्या मंडळींसाठी खुलासा: आपण खिडकीला चोरांच्या भीतीने लावतो ते ग्रिल नव्हे. हे म्हणजे अंगणात ठेवायची, चाकं आणि झाकण असलेली, गॅसवर चालणारी भली मोठी शेगडी. चिकन, मासे, कणसं, पनीर, भरताची वांगी, काय वाट्टेल ते भाजा.) मेअखेरचा मेमोरियल डे ते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे, एवढाच काय तो हिचा हंगाम. आमच्या ओहायोत तर त्यानंतर अंगणात उभं राहून कुणी काही भाजणार नाही.

तर या रांगेत एकच ग्रिल दोन रूपांत मिळतं. एक जोडून तयार, झाकण चकाकतंय असं. आणि दुसरं खोक्यात, म्हणजे पत्रे, नळ्या, चाकं, नटबोल्टांची पुडी आणि एक पुस्तिका. काही दुकानं ठराविक किमतीच्या वरचं ग्रिल फुकटात जोडून देतात, वर घरपोच आणूनही देतात. मग खोकं घरी आणण्याचा उपद्व्याप करावाच कशाला?

गेला आठवडाभर आमच्या घरी हाच विषय चालू आहे. नऊ वर्षांच्या जुन्या ग्रिलचे बर्नर गंजून भोकं पडली, नवीन कुठलं घ्यायचं ते ठरलं, पण जोडायचं कुणी यावर गाडी अडली आहे. नवरा म्हणतो, फुकट जोडून देताहेत तर घ्यावं. मी म्हणते, खोकं आणावं आणि आपण जोडावं. माझी बाजू इथे लिहितेय, कारण इथे मला कुणी मध्येच तोडत नाही :)

आधी त्याची बाजू, आणि ती काही लेचीपेची नाही. पुस्तिकेत लिहितात दोन तास, पण नवशिक्या दोघांचा अर्धा दिवस जातोच. खोकं जड. पत्र्याच्या कडा हाताला कापतात, हातमोजे लागतात. बर्नर बसलेला मधला भाग उचलून खालच्या गाडीवर ठेवायला दोन माणसं हवीतच. एखादा बोल्ट कमी निघाला तर पुन्हा दुकानाची फेरी, नाहीतर तो टपालाने येण्याची वाट बघा. आणि शनिवार म्हणजे आठवड्यातला एकमेव दिवस, ज्यात धुणं, किराणा, मुलीचा क्लास हे सगळं कोंबायचं असतं. माणसाच्या वेळेला किंमत आहे, हे मला मान्य.

याच्या उलट, स्वतः जोडा म्हणणारे लोक सहसा दोन कारणं देतात. पहिलं, पैसे वाचतात. जोडणी फुकट असेल तर ते कारण तिथेच बाद. दुसरं, स्वतः जोडल्याचा आनंद. याबद्दल तर चक्क शोधनिबंध आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली या तिघांचा, २०१२ साली छापून आलेला, 'आयकिया परिणाम' या नावाने गाजलेला. त्यांनी काही लोकांना आयकियाचं साधं खोकं स्वतः जोडायला दिलं, काहींना जोडलेलं दाखवलं. स्वतः जोडणाऱ्यांनी त्याच खोक्याला ६३ टक्के जास्त किंमत द्यायची तयारी दाखवली. ओरिगामीचंही तेच. लोकांना आपण घडी घातलेला कागदी पक्षी जवळजवळ कसबी माणसाच्या पक्ष्याइतकाच मोलाचा वाटला. अट एवढीच, की काम पूर्ण व्हायला हवं. अर्धवट सोडलेल्या कामावर कुणाचं प्रेम जडत नाही.

हा निबंध स्वतः जोडण्याच्या बाजूने लोक हौसेने सांगतात. मला तर तो उलट्या बाजूचा वाटतो. आपण केलेलं काम वाकडंतिकडं असलं तरी आपल्याला ते छान दिसतं, असा त्याचा अर्थ नाही का? कागदी पक्ष्याची मान तिरकी असली तर कुणाचं काही बिघडत नाही. गॅसची नळी तिरकी बसली तर बिघडतं. तेव्हा 'आनंद मिळतो' या कारणासाठी मी तरी कुणाला ग्रिल जोडायला सांगणार नाही. आनंद भाकऱ्या थापूनही मिळतो.

माझं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला सांगलीला जावं लागेल.

लहानपणी आमच्या घरी फ्यूजची तार बाबा घालायचे. त्यापलीकडे सगळ्याला 'माणूस' असायचा. मिक्सरचा माणूस, नळाचा माणूस, शेगडीचा माणूस. पांढरपेशा घरात हात काळे करायची पद्धत नव्हती, हा त्यातला एक भाग झाला, आणि त्याबद्दल पुष्कळ बोलता येईल. पण दुसरा भाग असा, की ती व्यवस्था चालायची. कारण तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. शेगडी बसवणारा तोच, बर्नर साफ करणारा तोच, नळी कधी बदलली ते लक्षात ठेवणारा तोच. 'वहिनी, ही नळी आता काढा' असं तो आपणहून सांगायचा. म्हणजे घरातल्या कुणाला शेगडी आतून माहीत नसली तरी ती माहीत असलेला कुणीतरी हाकेच्या अंतरावर असायचा.

इथे तसं नाही. अनेक दुकानांत जोडणीचं काम बाहेरची कंपनी घेते आणि जोडणाऱ्याला नगामागे पैसे मिळतात. तो कामात वाईट असतो असं मी मुळीच म्हणत नाही, उलट त्याचा हात माझ्यापेक्षा शंभर पटींनी बसलेला असणार. पण तो एकदा बोल्ट पिळून गेला की आपल्याला जन्मात पुन्हा भेटत नाही. जोडण्याची जी काही माहिती होती ती त्याच्याबरोबर गेली. आपल्या अंगणात उरतं ते एक चकचकीत, बंद झाकणाचं कोडं.

याचा नमुना दोन उन्हाळ्यांपूर्वी एका ओळखीच्या घरी बघितला. ग्रिल तयार जोडून आणलेलं, उत्तम. वीस-बावीस माणसं जमलेली, तंगड्या मसाल्यात मुरवलेल्या, आणि ग्रिल काही तापेना. ज्योत लागतेय, पण मिणमिणती. जमलेले निम्मे इंजिनियर. कुणी म्हणालं सिलिंडर संपला, कुणी म्हणालं बर्नर चोंदले. एक जण जाऊन नवीन सिलिंडर घेऊन आला. तो लावला, तरी तेच. शेवटी तंगड्या आत ओव्हनमध्ये गेल्या आणि जेवायला साडेनऊ वाजले.

सिलिंडर बिचारा भरलेलाच होता. या ग्रिलांच्या रेग्युलेटरच्या जोडात एक सोय असते. गॅस एकदम जोरात वाहायला लागला की तिला वाटतं नळी फुटली, आणि ती प्रवाह अगदी बारीक करून टाकते. बर्नरची बटणं उघडी असताना सिलिंडर उघडला, किंवा सिलिंडर फटकन पूर्ण फिरवला, की ती फसते. उपाय सोपा आहे. सगळी बटणं बंद, सिलिंडर बंद, जोड सोडवायचा, काही मिनिटं थांबायचं, परत जोडायचा, आणि मग झाकण उघडं ठेवून सिलिंडरची चावी सावकाश उघडायची. बर्नर त्यानंतर. हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ग्रिल जोडून आलं की पुस्तिका थेट ड्रॉवरमध्ये जाते, हे आपण सगळे जाणतो.

स्वतः जोडणाऱ्याला मात्र ती वाचावीच लागते. आणि नुसती वाचून उपयोग नाही, ती हातातून जाते. बर्नरची नळी बसवताना दिसतं, की तिच्या तोंडाशी हवा आत यायला फटी आहेत. मग कळतं की हिवाळाभर ग्रिल झाकून ठेवलं की त्या नळीत कोळी जाळं का करतो, आणि ते न काढता पेटवलं तर आग बर्नरऐवजी मागे बटणांकडे का येते. चरबीचा ट्रे सरकवताना कळतं, तो कुठून बाहेर येतो आणि कधी रिकामा करायला हवा. सिलिंडरचा मोठा प्लॅस्टिकचा नट नुसत्या हाताने फिरवायचा, पान्हा लावायचा नाही, हे बोटांना कळतं. बोल्ट आधी सगळे सैल ठेवायचे, चौकट सरळ उभी राहिली की मग पिळायचे, हेही. यातलं काहीच अवघड नाही. पण ज्याने एकदा केलंय त्याला पाच वर्षांनी काही बिघडलं तर उघडायची भीती वाटत नाही. ग्रिल गंजतं ते बहुतेकदा बर्नरपाशी. बर्नर सुटा मिळतो, चार स्क्रू काढून बदलता येतो. जोडणी कधी बघितलीच नसेल तर माणूस अख्खं ग्रिल रस्त्याच्या कडेला ठेवून नवीन आणायला निघतो.

आणि हे गॅसचं काम आहे, हे विसरून चालणार नाही. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड. गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो. म्हणून तर सिलिंडर घरात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायचा नसतो, आणि झाकण बंद ठेवून ग्रिल पेटवायचं नसतं. आपल्याकडचा घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, इथला ग्रिलचा नेहमीचा २० पौंडांचा, म्हणजे ९ किलोचा. आकार लहान, पण स्वभाव तोच.

आता माझ्या पोटातलं खरं सांगते. आमच्या गोतावळ्यात ग्रिल हे पुरुषांचं खातं आहे. बायका आत कांदे चिरतात, पुरुष बाहेर धुरात उभे राहून चिमटा हलवतात. त्यामुळे गॅस कुठे बंद होतो हे घरातल्या एकालाच माहीत, आणि तो नेमका त्याच वेळी बर्फ आणायला गेलेला असतो. माझी लेक आता १३ वर्षांची आहे. तिने तो नट एकदा आपल्या हाताने फिरवलेला असावा, कुठली चावी आधी आणि कुठली नंतर हे तिला झोपेतही सांगता यावं, एवढीच माझी इच्छा. अर्धा शनिवार त्यासाठी गेला तर तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. परक्या मुलुखात, जिथे दोन गल्ल्या पलीकडे कुणी नाही, तिथे 'शेगडीचा माणूस' घरातच तयार करावा लागतो. शक्यतो एकाहून जास्त.

म्हणून काय प्रत्येकाने खोकंच आणावं? नाही. घरात एकटेच असाल, पाठ दुखत असेल, तान्हं मूल असेल, अपार्टमेंटच्या दोन खोल्यांत पत्रे पसरायला जागा नसेल, तर खुशाल जोडून घ्या. (आणि अपार्टमेंट असेल तर बाल्कनीत ग्रिल चालतं का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी मनाई असते.) त्यात कमीपणा काहीच नाही.

पण एक काम मात्र दुकानावर सोडू नका, जोडणी कुणाचीही असो. वाटीत भांड्यांचा साबण आणि पाणी कालवा. बर्नर बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि ब्रशने प्रत्येक जोडाला, नळीला फेस लावा. बुडबुडे फुगले तर गॅस गळतोय. सिलिंडर बंद करा, जोड घट्ट करा, पुन्हा बघा. तरीही फुगले तर ते ग्रिल पेटवायचं नाही, बस. आणि काडी ओढून तर कधीच बघायचं नाही. दुकानात घट्ट बसवलेला जोड ट्रकमध्ये हिंदकळून तुमच्या दारी येतो, तेव्हा तपासणी तुमच्याच अंगणात व्हायला हवी. दर हंगामाच्या सुरुवातीला आणि सिलिंडर बदलला की पुन्हा. पाच मिनिटांचं काम आहे. सांगलीचा तो शेगडीचा माणूस जाण्याआधी हेच करायचा, मोरीतलाच साबण मागून घेऊन.

तर असं आहे. नवऱ्याने शनिवारचा क्लास रविवारवर ढकलायला होकार दिला तर खोकं या आठवड्यात येईल. नाही दिला तर जोडलेलं येईल, आणि साबणाची वाटी घेऊन मी आणि लेक अंगणात उभ्या असू. तुमच्या घरी ग्रिल कुणी जोडलं, आणि ते बंद कसं करायचं हे घरात किती जणांना येतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही असू द्या. दुसऱ्याचं 'एकालाच' असेल, तर हा शनिवार त्याच्यासाठी ठेवा.