कलेचे बियाणे राखून ठेवा



या सदरात आपण एरवी कपाशीवरची बोंडअळी, तुरीवरची मर किंवा संत्र्याचा बहार यांविषयी बोलतो. आज जरा वेगळ्या पिकाविषयी बोलू. हे पीक शेतात येत नाही, ओसरीवर येते. त्याला नांगर लागत नाही, हात लागतो. कोणाच्या घरी ते लाकडी खेळणे असते, कोणाकडे बांबूची राखी, कोणाकडे गोधडी, तर कोणाकडे मातीचा दिवा. आजवर हा माल आठवडी बाजारात किंवा जत्रेत विकला जाई. आता घरातला मुलगा किंवा सून त्याचा फोटो काढून फोनवर टाकते आणि पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक तेथूनच मागणी नोंदवते.

गावोगाव फिरताना याविषयी मला पुष्कळ विचारणा होते. “साहेब, असे विकून पोट भरते का?” हा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की, भरते. पण वहीत हिशेब मांडला तर. मात्र दुसरा एक प्रश्न कोणी विचारत नाही, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पोट भरू लागल्यावर हातातली कला टिकते का? आज दोन्ही प्रश्नांचा विचार करू.

श्रावणातला माल

आपल्या विदर्भातील दोन वस्तू पाहा. दोन्ही श्रावणातल्या. पौर्णिमेला राखी आणि अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसऱ्या रघूजीराजांनी लहान मुलांसाठी हा सण सुरू केला, असे नागपुरात सांगतात. म्हणजे ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. त्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. मुठीत मावेल एवढ्या बैलापासून माणसाच्या उंचीच्या बैलापर्यंत सारे प्रकार बाजारात मांडलेले असतात.

राखीचे उदाहरण मेळघाटातले आहे. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९०च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. सुनील देशपांडे २०२१ साली गेले. त्या केंद्रामुळे मेळघाटातील आदिवासी कारागिरांनी केलेल्या बांबूच्या राख्या शहरातल्या मनगटांवर पोचल्या.

दोन्ही वस्तूंची अडचण मात्र एकच. सण संपला की मागणी संपली. कांदा एकदम बाजारात आला की भाव पडतो, हे आपण जाणतोच. पोळ्याच्या संध्याकाळी उरलेल्या बैलाचेही तसेच होते. वर्षभर घडवायचे आणि चार दिवसांत विकायचे. नाही विकले तर माळ्यावर टाकायचे किंवा पडेल भावाने द्यायचे.

येथे फोनचा खरा उपयोग आहे. नागपूर सोडून गेलेली कुटुंबे पुण्यात आहेत, बंगळूरला आहेत, परदेशातही आहेत. त्यांच्याही मुलांना तान्हा पोळा हवा असतो. त्यांची मागणी दोन महिने आधी घेता येते. हाच बैल सणाखेरीज घरात शोभेसाठी, वाढदिवसाच्या भेटीसाठीही जाऊ शकतो. चार दिवसांचा बाजार निदान चार महिन्यांचा होतो. मात्र बोलावे लागते. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

आधी हिशेब

आता वही काढा. समजा, एक फूट उंचीचा लाकडी बैल आहे. लाकूड २५० रुपये, रंग व चाके ८० रुपये, पुठ्ठ्याची पेटी आणि भरण ६० रुपये, हत्यारांची झीज २० रुपये. हे ४१० रुपये झाले. टपालखर्च १५० रुपये धरला तर ५६०. घडवायला दोन दिवस लागले. फोटो काढणे, गिऱ्हाइकाच्या शंकांना उत्तरे देणे, पेटी बांधणे आणि पोस्टात जाणे यांत आणखी अर्धा दिवस गेला.

हा बैल फोनवरच्या एखाद्या मोठ्या बाजारपेठेत टपालासह १,५०० रुपयांना विकला आणि त्या बाजारपेठेने शंभरास पंधरा रुपये कापले, असे धरा. हातात १,२७५ रुपये आले. त्यातून ५६० वजा करा. उरले ७१५. अडीच दिवसांनी भागा. रोज पडला २८६ रुपये. ज्या हाताला रेषा साधायला दहा वर्षे लागली, त्या हाताची ही मजुरी!

रोज ५०० रुपये धरला तर अडीच दिवसांचे १,२५० होतात. त्यात ५६० मिळवले की १,८१०. कापले जाणारे पंधरा टक्के लक्षात घेता किंमत २,१३० रुपयांच्या आसपास ठेवावी लागेल. एवढी किंमत कोणी देत नसेल तर मजुरी सोडून देणे हा उपाय नव्हे. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून मुठीएवढे बैल करावेत. ते दिवसाला चार-पाच होतात, पेटी लहान लागते आणि टपालही कमी पडते. मोठा बैल फक्त मागणीवर, अर्धी रक्कम आधी घेऊन करावा.

या हिशेबात सर्वांत जास्त नुकसान घरातल्या बाईचे होते. तिचे विणणे, शिवणे, रंगवणे याला आपण “फावल्या वेळचे काम” म्हणतो. फावला वेळ म्हटले की मजुरी शून्य. मग वस्तू स्वस्त विकली जाते आणि “काही ना काही तरी मिळाले” असे समाधान मानले जाते. तिच्या कामाचा वेळ वहीत लिहा. आलेले पैसे तिच्याच नावाच्या बँक खात्यात जमा होऊ द्या. मागणीचे दिवस असतील तेव्हा चूल आणि पाणी इतरांनी सांभाळावे. निंदणीच्या दिवसांत सारे घर शेतावर जाते ना? मग हाही हंगामच आहे.

परका बाजार

फोनवरची बाजारपेठ म्हणजे जादू नव्हे. ती एक अडत आहे. ओटा तिचा, काटा तिचा आणि नियमही तिचे. अमेरिकेत २००५ साली एट्सी नावाची बाजारपेठ निघाली. हाताने वस्तू घडवणाऱ्यांना आपला माल फोनवर, संगणकावर थेट विकता यावा, हाच तिचा हेतू होता. जगभरातले लहान कलाकार तिच्यावर विसंबले. एप्रिल २०२२ मध्ये तिने विक्रीवरची कपात ५ टक्क्यांवरून साडेसहा टक्के केली. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवून निषेध केला. कपात मात्र कमी झाली नाही.

यावरून एवढे शिकावे की, सारा माल एकाच अडत्याकडे नेऊ नये. मोठ्या बाजारपेठेत चार वस्तू ठेवा. पण ज्यांनी एकदा माल घेतला त्यांची नावे आणि पत्ते, त्यांच्या परवानगीने, स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या श्रावणात त्यांना थेट व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. ही गिऱ्हाइके तुमची स्वतःची विहीर आहेत. कालव्याचे पाणी कधी बंद होईल, सांगता येत नाही. शिवाय प्रत्यक्ष प्रदर्शनही सोडू नका. नागपूरला १९८६ साली स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तेथे हस्तकलांचा मेळा भरतो. वस्तू हातात घेऊन पाहणारा माणूस काय बोलतो, ते फोनवर ऐकू येत नाही.

कागदपत्रे आणि माल

कायद्याच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मात्र केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून लाकडी बैल करणाऱ्याने कारागीर ओळखपत्र जरूर काढावे. दुसरे, १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात अशा बाजारपेठांमार्फत माल विकायचा असेल, तर वस्तू व सेवा कराची पूर्ण नोंदणी लागत नाही. पॅन देऊन क्रमांक घेतला की पुरते. परराज्यात विकण्यापूर्वी जाणत्या कर सल्लागाराला विचारा. तिसरे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार, कुंभार, टोपल्या-चटया विणणारे आणि खेळणी करणारेही आहेत. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा अर्ज विचार करून करा.

मालाविषयीही दोन शब्द. ओल्या लाकडाचा बैल दूरच्या कोरड्या हवेत गेला की तडकतो. लाकूड सावलीत, हवा खेळेल असे रचून वाळवा आणि तुकड्यांच्या टोकांना मेण किंवा रंग लावा, म्हणजे चिरा पडत नाहीत. बांबू तीन वर्षांच्या आतला तोडू नका. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडा. तेव्हा त्यात पिष्ट कमी असते आणि भुंगेरा कमी लागतो. मग बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या द्रावणात भिजवून वाळवा. शेताच्या बांधावरच्या बांबूला आता वनखात्याची अडचण नाही. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून वगळला गेला आहे.

फोटो सकाळच्या उजेडात, ओसरीवर काढा. शेजारी हात ठेवा, म्हणजे वस्तूचा आकार कळतो. मागची बाजूही दाखवा. दुसऱ्याच्या मालाचा फोटो आपला म्हणून कधीही टाकू नका.

बियाण्याची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. समजा, तुमच्या एका बैलाला फार मागणी आली. निळी झूल, सोनेरी शिंगे. दोनशे जणांना तोच हवा. तुम्ही तोच करत राहिलात. पहिल्या दहांत मन होते, पुढच्या पन्नासांत सवय आली, नंतर फक्त हात चालू राहिला. दिवसभर घडवायचे, रात्री फोनवर उत्तरे द्यायची. गिऱ्हाईक वाढले, पैसेही आले. मग एखाद्या कारखान्यात त्याच निळ्या झुलीच्या बैलाचा साचा तयार झाला आणि तो निम्म्या किमतीत फोनवर दिसू लागला. त्या दिवशी तुमच्याकडे दुसरे काय असेल?

साच्याशी हाताची शर्यत लावली तर हात हरणार. साचा थकत नाही. हाताचे बळ वेगळे आहे. हात नवे काही करून पाहू शकतो. गावातल्या खऱ्या बैलाची मान कशी वळते, वशिंड कुठे झुकते, जुवाखाली आलेला बैल पाय कसा रोवतो, हे आपल्या शेतकऱ्याच्या घरातल्या कलाकाराला जेवढे ठाऊक, तेवढे शहरातल्या साचेवाल्याला ठाऊक नाही. ते ज्ञान म्हणजे तुमच्या घरचे बियाणे. दुसऱ्याचे नमुने फोनवर पाहून तसेच करणे म्हणजे दरसाल दुकानातून बियाण्याची थैली आणणे. एखादे वर्ष ते चालेल. पण दुकानदाराने हात वर केले की पेरणी खोळंबली.

आपले आजे-पणजे घरात कितीही टंचाई असली तरी पेरणीच्या ज्वारीच्या कणगीला हात लावत नसत. तोच नियम येथे लावा. आठवड्यातला एक दिवस मागणीचे काम बंद ठेवा. फोन बाजूला ठेवा. त्या दिवशी जे कोणी मागितले नाही ते करा. बैल निराळ्या बाकाचा करा, राखीत नवी वीण घाला, गोधडीत जुन्या लुगड्याचा काठ वेगळ्या रीतीने बसवा. बिघडले तर बिघडू द्या. दहा नमुन्यांतले आठ वाया गेले तरी उरलेले दोन पुढच्या वर्षी पोसतील. कपाशीत आपण तुरीच्या ओळी कशासाठी घालतो? कपाशी बुडाली तर तूर हात देते, म्हणूनच.

त्या दिवसाची मजुरी वस्तूच्या किमतीत धरा. पाच दिवसांच्या कामावर सहाव्या दिवसाचा भार वाटून टाका. गिऱ्हाईक दोन पैसे जास्त का म्हणून विचारेल, तर त्याला खुशाल सांगा की, पुढच्या सणाचा नवा नमुना याच पैशांतून होतो. चांगले गिऱ्हाईक हे समजून घेते. कित्येकदा त्यालाच तो नवा नमुना पहिल्यांदा पाहायचा असतो.

घरात असा कोणी हात असेल, तर या आठवड्यात एवढेच करा. एका वहीत तिने किंवा त्याने कामाला दिलेले तास लिहायला सुरुवात करा आणि बियाण्याचा वार कोणता, तो सगळ्यांनी मिळून ठरवा. एकदा ठरला की त्या वारी कोणी मागणी घेऊ नये, घरच्यांनीसुद्धा नाही.